आपत्तीचा अडकित्ता

पदवीनंतर ‘आपत्ती व्यवस्थापन’ शिकायचे आहे असे सांगणारे विद्यार्थी आता शिक्षकांना भेटू लागले आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००४ च्या त्सुनामीनंतरच्या वर्षांत या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. मँचेस्टर विद्यापीठात तर ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण लावून एम.एस्सी. करता येते. या शाखेत शिरणाऱ्याची एका पुस्तकाशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही. ते पुस्तक म्हणजे ‘ॲट रिस्क’. ब्लेकी, कॅनन, डेव्हिस आणि विस्नर या चौघांनी लिहिलेले हे पुस्तक १९९४ साली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नैसर्गिक आपत्तींच्या निवारणासाठी जाहीर केलेल्या दशकाच्या मध्यावर निघाले. २००४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. विद्यार्थ्याला या वाटेला लावण्यापूर्वी शिक्षकाने ते वाचून पाहावे.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात सांगता येते. भूकंप, पूर, वादळ या निसर्गातील घटना आहेत. त्या म्हणजे आपत्ती नव्हेत. ज्यांना त्या घटनेपासून स्वतःला वाचवता येत नाही किंवा नंतर सावरता येत नाही, अशी माणसे तिच्या वाटेत सापडली म्हणजे आपत्ती होते. ग्वाटेमालात १९७६ साली भूकंप झाला आणि सुमारे तेवीस हजार माणसे मेली. त्यांत गरिबांचा, कच्च्या घरांत आणि घळींच्या उतारांवर राहणाऱ्यांचा भरणा होता. १९७७ च्या आंध्रातील चक्रीवादळाच्या संदर्भात लेखकांनी एकमेकांच्या जवळ राहणारी दोन कुटुंबे शेजारी शेजारी ठेवून दाखवली आहेत. एकाचे घर विटांचे, दुसऱ्याची झोपडी. एकाला इशारा वेळेवर कळतो आणि निघायला वाहन असते, दुसऱ्याला दोन्ही नाही. ही पाने वाचताना आपल्या गावातील दोन घरे डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत.

दुर्बलता कमी करता येते, हे त्यांचे म्हणणे पुढे खरेही ठरले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. दोन्ही वादळे अगदी सारखी नव्हती हे खरे, पण एवढा फरक वाऱ्याने पडत नाही.

हा सारा विचार लेखकांनी एका आकृतीत बसवला आहे आणि अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्याच्या लक्षात बहुधा तेवढीच राहते. डावीकडे माणसाकडून येणारा दाब असतो. आधी मूळ कारणे, मग शहरांची वाढ आणि कर्जबाजारीपणा यांसारखे चालू दबाव, शेवटी धोक्याची जागा आणि कच्चे घर. उजवीकडून निसर्गाचा तडाखा येतो. मध्ये माणूस. लेखकांनी याला अक्रोड फोडायच्या चिमट्याची उपमा दिली आहे. आपण अडकित्ता म्हणू, कारण अडकित्त्यात सापडलेली सुपारी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सूत्ररूपाने हेच असे : जोखीम = धोका × दुर्बलता.

विज्ञानाच्या शिक्षकाला इथे पहिला प्रश्न पडेल तो एककांचा. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजता येतो, वाऱ्याचा वेगही मोजता येतो. दुर्बलता कशात मोजायची? तेव्हा हे सूत्र म्हणजे समीकरणाचा पोशाख घातलेले एक वाक्य आहे. तेवढ्याने ते वाईट ठरत नाही. ओसाड दरीत पूर आला तर आपत्ती नाही, ही गोष्ट गुणाकारातून नेमकी कळते. परंतु गुणाकारात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : दोन्ही गुणक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. माझा आक्षेप आहे तो इथे, आणि तो तपासायला लांब जायला नको.

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागले की कोन गाव येते. पुलाखाली उल्हास नदी आहे, पण इथले लोक तिला खाडी म्हणतात आणि ते बरोबरच आहे. भरतीचे पाणी रोज दोनदा वर चढते. सह्याद्रीत, कर्जतच्या वर धो धो पाऊस पडून नदी फुगलेली असताना उधाणाची भरती आली, तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते काठावर पसरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी उल्हासलाही मोठा पूर आला होता.

एके काळी हे पसरलेले पाणी भाताची खाचरे सामावून घेत. हिशेब सोपा आहे, मुलांकडून करून घ्यावा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. बांधाने १५ सेंटिमीटर पाणी अडवले तर एका एकरात सुमारे ६०० घनमीटर, म्हणजे सहा लाख लिटर पाणी थांबते. गेल्या काही दशकांत भिवंडी तालुक्यात अशा कितीतरी खाचरांवर भराव पडला आणि गोदामे उभी राहिली. (गोदाम म्हणायचे ते छापील मराठीत, तिथे सगळे गोडाऊनच म्हणतात.) भराव घालणाऱ्याची जागा उंच झाली, त्याची दुर्बलता घटली. ते सहा लाख लिटर मात्र नाहीसे झाले नाहीत, ते शेजारच्या सखल घरांकडे गेले. आता हा भराव आकृतीत कुठे लिहायचा? डावीकडे लिहिला तर शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर आलेले पाणी निसर्गाचे ठरते. उजवीकडे लिहिला तर निसर्गाच्या रकान्यात माणसाचा डंपर उभा राहतो. इथे अडकित्त्याची दोन्ही पाती एकाच हाताने घडवलेली आहेत.

दुसरे उदाहरण याहून कठीण आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडी शहरात जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. लोक झोपेत होते. सुमारे चाळीस माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. त्या रात्री भूकंप नव्हता, वादळ नव्हते. सूत्रातला धोका शून्य धरला तर गुणाकार शून्य येतो, आणि ढिगाऱ्याखाली चाळीस प्रेते असतात. पुस्तक नैसर्गिक धोक्यांपुरतेच आहे असे उपशीर्षकातच सांगितले आहे, तेव्हा हा दोष लेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ज्या वर्गात ही आकृती कुठल्याही आपत्तीला लावली जाते, तिथे हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा जड मातीचा थर माणसांवर कोसळला. असे वाडे बांधण्याची ऐपत असलेले त्याखाली सापडले. हलक्या छपराखाली झोपलेले गरीब त्या मानाने वाचले. ग्वाटेमालाच्या बरोबर उलट. गरिबी म्हणजेच दुर्बलता नव्हे, असे लेखकही म्हणतात. त्यांचा मजकूर आकृतीपेक्षा नेहमीच सावध आहे. आकृती फळ्यावर काढायला सोपी म्हणून टिकली, मजकूर मागे पडला.

दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आला, तेव्हा हा विषय आता केवळ पदव्युत्तर वर्गांचा राहिलेला नाही. पुस्तक हाती आले तर दुसरे, आकृतीचे प्रकरण आधी वाचू नये. तिसऱ्यापासून सुरुवात करावी. कुटुंबाकडे काय आहे, त्याला काय मिळवता येते आणि तडाख्यानंतर त्यातले काय उरते, याची चर्चा त्यात आहे. मग आपल्या गावाचा नकाशा काढून जुनी खाचरे, नाले आणि नवे भराव विद्यार्थ्यांना त्यावर दाखवायला सांगावे. आकृती त्यानंतर उघडली तरी चालेल.