लाथ मारणाऱ्या नटाचे वय

दिवाळी अंकात सिनेमावर लिहायचे तर प्रभातवर लिहावे, भालजींवर लिहावे, फार तर सत्यजित राय यांच्यावर लिहावे, असा एक शिष्टाचार आहे. तो मला मान्य आहे. पण इचलकरंजीत वाढलेल्या माणसाने खरे बोलायचे ठरवले, तर १९९४ ते १९९९ या सहा वर्षांत गावातल्या टॉकीजवर तो काय पाहत होता, हे त्याला लपवता यायचे नाही. 'चीता', 'जल्लाद', 'रावणराज', 'लोहा', 'यमराज', 'चांडाळ', 'हिटलर', 'गुंडा'! ही नावे ओळीने वाचली तर घरातल्या वडीलधाऱ्यांना पोलीसचौकीतली यादीच ऐकतो आहोत असे वाटेल. नायक मात्र या साऱ्यांत एकच. मिथुन चक्रवर्ती.

हा नट कोणी ऐरागैरा नव्हे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून तो बाहेर पडला आणि १९७६ मध्ये मृणाल सेन यांच्या 'मृगया'त धनुर्धारी आदिवासी तरुण म्हणून उभा राहिला. पहिल्याच मोठ्या भूमिकेला राष्ट्रीय पारितोषिक मिळण्याचे भाग्य किती जणांच्या वाट्याला येते? पुढे 'सुरक्षा' आला, 'डिस्को डान्सर' आला, 'कराटे' आणि 'बॉक्सर' आले. १९८९ या एका वर्षात नायक म्हणून त्याची एकोणीस चित्रे पडद्यावर आल्याची नोंद आहे. आणि मग ओहोटी लागली. नवे, कोवळे, गोरेगोमटे नायक आले. मिथुनने मुक्काम उटकमंडला हलवला. तिथे त्याचे स्वतःचे हॉटेल होते. निर्मात्याने मुंबईहून मंडळी घेऊन यावे, तिथेच राहावे, तिथल्याच डोंगरांत, बंगल्यांत आणि रस्त्यांवर थोडक्या दिवसांत चित्र उरकावे आणि परत जावे, अशी ती व्यवस्था. टी. एल. व्ही. प्रसाद या दिग्दर्शकाने अशी चित्रे एकामागून एक काढली. खर्च कमी, ताऱ्याचे नाव मोठे आणि गिऱ्हाईक ठरलेले. ते गिऱ्हाईक म्हणजे आम्ही.

आम्ही म्हणजे कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून हे गाव खटखटाटात झोपते व खटखटाटात उठते. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे चार-सहा माग, कानात रुईचे पिंजण. पाळी सुटली की माणसाला शांतता नको असते; तिची सवयच राहिलेली नसते. त्याला एक खुर्ची हवी असते आणि समोर आपल्या बाजूने मारामारी करणारा कोणीतरी. मिथुन या चित्रांतून कधी हमाल असे, कधी कोणा गरीब विधवेचा पोर. 'गुंडा'तला शंकर हमालच. मोटारीतून उतरणारे नायक मुंबई-पुण्याला गेले. हमाल आमच्याकडे आला. त्यामुळे या चित्रांना नाके मुरडणाऱ्या टीकाकारांशी माझे पहिल्यापासून पटले नाही. स्वस्त कापडाला कोणी नावे ठेवू लागला तर त्याला इचलकरंजीत उभे करत नाहीत.

परंतु स्वस्त कापड निराळे आणि लबाड कापड निराळे, हेही इचलकरंजीच शिकवते.

आमच्या घरचे आठ मागांचे खाते होते. त्यातला जॉबर सिनेमाचा मोठा शौकीन. मला खांद्यावर घेऊन त्याने कित्येक चित्रे दाखवली. 'यमराज' पाहून आल्यावर तो स्वारी बिघडल्यासारखी गप्प होती. मी विचारले, "अण्णा, काय झालं? पिक्चर आवडलं नाही?" तो म्हणाला, "धाकलं मालक, त्यो आता लाथ मारतच न्हाई बघा. लाथ लागल्यावर मानूस कसा पडतोय, तेवढंच दावत्यात."

मी पुढे कितीतरी समीक्षा वाचल्या, पण या चित्रांविषयी याहून अचूक वाक्य मला भेटलेले नाही. धोटा एकदा आडवा गेला की एक पीक. इंचात पिके किती, यावर कापडाचा कस ठरतो आणि कामगाराची मजुरीही ठरते. आता एखाद्याने पिके कमी मारून, वरून खळ चढवून ठाण घसघशीत दाखवले, तर धुतल्यावर काय हाती राहते हे गावातल्या पोरालाही कळते. उटीच्या चित्रांत नेमके तेच झाले. 'सुरक्षा' किंवा 'कराटे' आठवून पाहा. तिथेही कथा ठिगळांचीच होती. पण मिथुन नखशिखान्त चौकटीत दिसे. पाय जमिनीवरून उठताना दिसे, हवेत फिरताना दिसे, आणि ज्याला लागायचा त्याला लागताना दिसे. ही पिके भरली होती. उटीत आधी त्याचे डोळे दिसतात, मग बूट दिसतो, मग काचा फोडत जाणारा इसम दिसतो, आणि मग पुन्हा मिथुन, होता तिथेच, केस न विसकटलेला. मधली लाथ प्रेक्षकाने आपल्या पदरची घालायची!

पैसा नव्हता, असे म्हणाल तर ते मला पटत नाही. ब्रूस लीचा 'द बिग बॉस' १९७१ मध्ये थायलंडात तुटपुंज्या पैशांत झाला. तिथे दुसरे काही धड नाही, पण मारामारी पुरी मापाची आहे. वय झाले होते, असे म्हणाल तर तेही अर्धेच खरे. मिथुन १९५० चा, म्हणजे चव्वेचाळीस ते एकोणपन्नास या वयात त्याने ही चित्रे केली. हाँगकाँगचा जॅकी चॅन त्याच्याहून चारच वर्षांनी लहान. १९९४ च्या 'ड्रंकन मास्टर'च्या दुसऱ्या भागात चाळिशीचा तो गडी अंग झोकून देतो आणि कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. मिथुनजवळ नव्हती ती सवड. एक चित्र संपले की दुसरे दारात उभे. मारामारी बसवायला दिवस लागतात, आणि उटीच्या हिशेबात दिवस हाच सर्वांत महाग माल होता.

नटाचे उणे पडद्यावर झाकून घेण्याची रीत तशी जुनीच. आमच्याच कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला मास्टर विठ्ठल मूकपटांच्या काळात तलवारबाजीचा बादशहा होता. १९३१ मध्ये 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाचा नायक तोच झाला. पण जिभेला उर्दू वळेना, म्हणून नायकाला पुष्कळसा वेळ गुंगीतच ठेवले, असे सांगतात. पुढे लहानसहान भूमिका करत तो १९६९ पर्यंत जगला. त्याला बोलण्याने अडवले, मिथुनला सवडीने.

आमच्या भागात यावर एक उपाय आहे. मल्लाचे वय झाले की तो लांग सोडतो आणि आखाड्याच्या कडेला वस्ताद म्हणून बसतो. त्याचा मान कमी होत नाही. उलट पोरे आधी त्याच्या पाया पडतात, मग मातीच्या. हिंदी सिनेमात मात्र कडेला बसण्याची जागा नाही. एक तर मैदानात, नाही तर घरी. मिथुनने मैदान सोडले नाही, याचा दोष मी त्याला देत नाही.

आणि तरीही याच गठ्ठ्यात एक चित्र आहे, जे मला सोडवत नाही. 'जल्लाद', १९९५. मिथुनची त्यात दुहेरी भूमिका: एक नेहमीचा तरुण नायक, आणि दुसरा अमावस नावाचा पोचलेला, पिकलेला, दुष्ट पुढारी. तरुण मिथुन नेहमीसारखाच कंटाळवाणा. पण अमावस! खुर्चीत बसतो, मान किंचित कलती करतो, शब्द चघळत सोडतो, आणि समोरच्याच्या अंगावर शहारा येतो. इथे लाथेची गरजच उरत नाही. खलनायकाचे फिल्मफेअर पारितोषिक त्याला याच भूमिकेबद्दल मिळाले, आणि ते उगाच मिळाले नाही. ज्या एका चित्रात त्याने आपले वय लपवले नाही, तेच सरस ठरले. निर्मात्यांनी यावरून काही धडा घ्यावा? छे! पुढच्याच चित्रात तो पुन्हा पंचविशीचा झाला.

त्याला दुसरे काही येत नव्हते, असे तर नाहीच. १९९२ च्या बुद्धदेव दासगुप्तांच्या बंगाली 'ताहादेर कथा'ने त्याला पुन्हा राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले. जी. व्ही. अय्यर यांच्या 'स्वामी विवेकानंद'मध्ये तो रामकृष्ण परमहंस झाला. त्यालाही राष्ट्रीय पारितोषिक लाभले. हे चित्र आणि 'गुंडा' दोन्ही पडद्यावर आले ते १९९८ मध्ये. एकाच वर्षी परमहंसही तोच आणि शंकर हमालही तोच! आमच्या टॉकीजला अर्थात दुसराच आला. परमहंस इचलकरंजीपर्यंत पोचले असते तर जॉबर अण्णाने ते पाहिले नसते, असे मानायला माझे मन घेत नाही.

एका गोष्टीला मात्र माझी क्षमा नाही. या चित्रांतल्या बहिणी. पहिल्या अर्ध्या तासात नायकाची बहीण राखी बांधते, आणि ती राखी बांधू लागली की थिएटरातल्या शेंबड्या पोरालाही कळे की आता हिचे बरे होत नाही. तिच्यावर अत्याचार, तिचा मृत्यू, मग भावाची शपथ. कॅमेरा मारामारीला जो वेळ देत नसे तो या प्रसंगाला सढळ हाताने देई. ज्यांच्या बहिणी कांड्या भरायला, गाठी बांधायला रात्री-अपरात्री खात्यात जात, त्यांनाच हे तिकीट विकले जात होते. दिवसांची टंचाई हे कारण इथे चालणार नाही.

पुढे एक गंमत झाली. शहरांतल्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांतून 'गुंडा' हसण्यासाठी पाहिला जाऊ लागला. त्यातले यमक जुळवलेले संवाद पोरे तोंडपाठ म्हणतात. ते इथे छापण्यासारखे नाहीत. आपले मोहन जोशीही त्यात आहेत, आणि रंगभूमीवर त्यांना पाहिलेल्याला तो वेळ फार अवघड जातो. ही पोरे हसतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रच तसे आहे. पण जॉबर अण्णा त्याच चित्राला पाळी संपवून, पैसे मोजून, न हसता बसला होता. त्याची फसवणूक झाली होती, आणि ती त्याला कळलीही होती. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला.

मिथुनचे म्हणाल तर पुढे त्याला कडेची जागा सापडली. २००७ च्या 'गुरू'मधला वृत्तपत्राचा वृद्ध संपादक पाहा, वस्ताद शोभतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दादासाहेब फाळके पारितोषिक त्याच्या हाती पडले. त्या दिवशी मी अण्णाला ती बातमी सांगायला गेलो. आता तो माग चालवत नाही, नातवंडे सांभाळतो. "कशाबद्दल दिलं?" त्याने विचारले. सगळ्याबद्दल, मी म्हणालो. "उटीचं बी धरून?" उटीचंही धरून. तो थोडा वेळ दारातल्या पोरांकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "त्यो अमावस लई भारी केलता."

सुट्टीत कोणाला पाहावेसे वाटलेच, तर 'जल्लाद' पाहा. मुले झोपल्यावर, आणि तरुण मिथुनचे प्रसंग खुशाल पुढे ढकलून.