‘देहगुहा’ : एका शारीर संज्ञेचा अर्थविचार

प्रस्तावना :
शरीरभित्ती व आतील अवयव यांच्यामधील पोकळीस मराठी जीवशास्त्रात ‘देहगुहा’ म्हणतात. या संज्ञेऐवजी ‘कोष्ठ’ हा परंपरागत शब्द का योजू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही संज्ञांची चिकित्सा केली आहे.

संज्ञेचे मूळ :
जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८७२ मध्ये ‘सीलोम’ ही संज्ञा योजली. तिच्या मुळाशी असलेल्या ग्रीक ‘कोइलोस’ या शब्दाचा अर्थ ‘पोकळ’ असा आहे. ‘गुहा’ हा शब्द मात्र ‘गुह्’, म्हणजे झाकणे, या धातूपासून आला आहे. ग्रीक शब्द रितेपणा सूचित करतो, तर मराठी शब्द आच्छादन. ही पोकळी द्रवयुक्त व आवरणाने वेढलेली असल्याने मराठी पर्याय केवळ अनुवाद न राहता अधिक अन्वर्थक ठरतो.

‘कोष्ठ’ची व्याप्ती :
चरकसंहितेत महास्रोतस्, शरीरमध्य, महानिम्न व आमपक्वाशय हे कोष्ठाचे पर्याय दिले आहेत. त्यांपैकी ‘महानिम्न’, म्हणजे मोठा खोलगट भाग, हा ग्रीक अर्थाच्या जवळ जातो. परंतु ‘आमपक्वाशय’ या पर्यायामुळे अन्नमार्गाचा अंतर्भागही कोष्ठातच येतो. सुश्रुतांनी हृदय व फुप्फुस यांचाही त्यात समावेश केला आहे. लोकभाषेत कोष्ठाचा ‘कोठा’ झाला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशावृत्तीत धान्याची कोठी, जठर व गुरांचा गोठा असे त्याचे अर्थ आढळतात. ‘कोठा साफ होणे’ या प्रयोगात तर केवळ अन्नमार्गच अभिप्रेत आहे.

मूल्यमापन :
अन्नमार्गाची पोकळी व देहगुहा यांतील भेदावर प्राणिवर्गीकरण उभे आहे. चपट्या कृमींना अन्नमार्ग असतो, पण देहगुहा नसते. गांडुळास दोन्ही असतात. ‘कोष्ठ’ स्वीकारल्यास हा भेदच पुसला जाईल. परंपरेचा अभिमान रास्त असला, तरी परिभाषेत अर्थाची निश्चितीच निर्णायक मानावी लागते.

समारोप :
‘देहगुहा’ हीच संज्ञा ग्राह्य होय. तथापि ‘कोठा’ त्याज्य ठरत नाही. हसनाबादसारख्या (ता. भोकरदन, जि. जालना) ग्रामीण परिसरातील विद्यार्थ्यास ‘कोठा’ घरातूनच ज्ञात असतो. धान्य कोठ्यात असते आणि कोठा घरात. त्याचप्रमाणे अन्न अन्नमार्गात असते आणि अन्नमार्ग देहगुहेत. अध्यापकाने या परिचित शब्दाच्या आधारे भेद उलगडून दाखविल्यास संज्ञा पाठांतराचा विषय न राहता आकलनाचे साधन होईल.