दिवेआगरची चोरी आणि दान्तेचा नरक

दिवेआगरचा सुवर्णगणेश चोरीला गेला तेव्हा मी नववीत होतो. २४ मार्च २०१२. आजीचा गावाहून फोन आला आणि ती रडत होती. हा सोन्याचा मुखवटा नोव्हेंबर १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत खोदताना सापडला होता. मी त्याच वर्षीचा, त्यामुळे आमच्या घरी तो माझा जुळा भाऊ असल्यासारखाच होता. "देवाला हात लावणाऱ्याला सात जन्म सुटका नाही," आजी म्हणाली. मग थोडं थांबून, "दोन रखवालदारांना पण मारलं रे."

तो 'पण' माझ्या लक्षात राहिलाय.

यंदा गावी जाताना माणगावच्या पुढे एसटीत फोनवर दान्तेचा 'इन्फर्नो' वाचत होतो, इंग्रजी अनुवादातून. चौदाव्या शतकातल्या या इटालियन काव्याचं नाव बहुतेकांना नरकाच्या नऊ वर्तुळांमुळे माहीत असतं. खाली जावं तशी शिक्षा कडक. दारात मिनोस नावाचा न्यायाधीश बसलाय, तो जितके वेढे शेपटीचे घेईल तितक्या वर्तुळं खाली तुमची रवानगी. आमच्या ऑफिसात बग आला की त्याची सिव्हिअरिटी ठरवणारा जो असतो, तोच हा. फक्त इथे तिकीट परत उघडता येत नाही.

खुनी सातव्या वर्तुळात, उकळत्या रक्ताच्या नदीत. ज्याचा गुन्हा मोठा तो जास्त बुडालेला: जुलमी राजे डोळ्यांपर्यंत, साधे खुनी गळ्यापर्यंत. आणि चोर? त्यांच्याही खाली, आठव्या वर्तुळाच्या सातव्या खंदकात, सापांमध्ये. तिथे वान्नी फुच्ची भेटतो. पिस्तोइया गावच्या चर्चमधला मौल्यवान ऐवज चोरणारा माणूस. त्याला साप डसतो, तो जळून राख होतो, आणि त्या राखेतून पुन्हा तोच उभा राहतो.

इथे मी फोन खाली ठेवला. म्हणजे आजीचाच क्रम! देवघर फोडणं खुनाच्या खाली.

दान्तेचं कारण वेगळं आहे, हे मान्य. हिंसा जनावरंही करतात, पण कपटाला माणसाची बुद्धी लागते. देवाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वाकडी वापरली म्हणून शिक्षा जास्त. तर्क चोख आहे. पण दिवेआगरची केस त्यात घालून पाहिली तर सिस्टिम अडकते. दरोडेखोर रक्ताच्या नदीत जातील, कारण उघड लुटणारेही तिथेच आहेत. ज्यांनी नंतर शांतपणे ते सोनं वितळवलं, ते कदाचित त्यांच्याही खाली. अलिबागच्या विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये नेमकं उलटं केलं: मुख्य आरोपींना जन्मठेप, सोनं वितळवणाऱ्या सराफांना त्याहून कमी वर्षं. मला कोर्टाचा क्रम पटतो.

दान्तेला स्वतःलाही आपला क्रम पूर्ण पटला नसावा, असं मला वाटतं. फुच्चीला पाहून तो चकित होतो: हा तर रक्त आणि रागाचा माणूस, मग इथे कसा? तक्ता ज्याने आखला तोच हा प्रश्न विचारतोय. आणि फुच्चीला सापापेक्षा जास्त काय झोंबतं, तर ओळखीच्या माणसाने आपल्याला इथे पाहिलं हे. या प्रसंगात 'इन्फर्नो' तक्ता राहत नाही, कविता होते. एरवी त्यात हिशोब फार. रक्ताच्या नदीत मारणारे दिसतात. ज्यांना मारलं त्यांची फक्त ती नदी.

शिक्षा कमीजास्त असते हे ख्रिस्ती परंपरेला नवीन नाही. कॅथलिक चर्च पापाचे मरणप्राय आणि क्षुल्लक असे भेद करतं. १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने तर नरकातल्या यातना सारख्या नसतात असं नोंदवूनच ठेवलं. कॅल्व्हिनने पापांची ही विभागणी नाकारली, कारण त्याच्या मते कुठलंही पाप मरणालाच पात्र. याकोबाच्या पत्रात एक आज्ञा मोडणारा सगळ्यांचाच दोषी ठरतो. हे सगळं ज्या पुस्तकातून निघतं ते मात्र वेगळ्याच मापाने मोजतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'मध्ये लूकचा बारावा अध्याय काढून बघा. धन्याची इच्छा माहीत असून जो वागला नाही त्याला फटके जास्त, माहीत नव्हतं त्याला कमी. मत्तयमध्ये येशू म्हणतो की न्यायाच्या दिवशी कफर्णहूमपेक्षा सदोमचं बरं चालेल. सदोम पापाचं गाव म्हणून कुप्रसिद्ध, पण कफर्णहूमने चमत्कार डोळ्यांनी पाहिले होते.

म्हणजे काय केलं इतकंच नाही, काय माहीत असताना केलं हेही मोजायचं. दान्तेच्या नकाशापेक्षा हे माप मला जास्त अवघड वाटतं, कारण ते बघणाऱ्यालाही लागू होतं. २०१२ मध्ये मी मुखवट्याचा फोटो डीपीला ठेवला होता. रखवालदारांबद्दल मला माहीत होतं. फोनवर ऐकलं होतं.

गावी पोचल्यावर देवळात गेलो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे नवा मुखवटा बसवलाय. रात्री जेवताना आजीला म्हटलं, त्या दोघांचं काय झालं हे कुणीच कसं बोलत नाही गं? मनातून मी तिच्या त्या 'पण'चा जाब विचारत होतो. तिने भाकरी मोडता मोडता दोघांचीही नावं सांगितली.

"तू कधी विचारलंस?" म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी आमटी वाढली.