कर्ता सरकार, कर्म आपण

मार्च २०२० मध्ये लॅपटॉप पाठीवर टाकून मी पुण्याहून नगरला घरी आले. पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक सरकारी आदेश फिरत आला. काय बंद, काय चालू, मोडलं तर काय कारवाई, आणि आधार म्हणून साथरोग अधिनियम, १८९७. आमच्या धंद्यात पंधरा वर्षांपूर्वीच्या कोडला हात लावायला लोक घाबरतात. इथे एकशे तेवीस वर्षांपूर्वीचा मजकूर आमच्या गल्लीतलं दुकान बंद करत होता. मी तो शोधला. चहा संपायच्या आत वाचून झाला.

कायदा इतका लहान आहे की तो कथेसारखा वाचता येतो. मूळ कलमं चार. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला योग्य वाटतील ते उपाय करण्याचे अधिकार. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात, या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही, हे आश्वासन. घातक साथ कशाला म्हणायचं, याची व्याख्या नाही. मूळ मजकुरात रुग्णालय येतं, पण संशयितांना वेगळं ठेवण्याची जागा म्हणून. उपचारांबद्दल एक वाक्य नाही. भरपाईचा उल्लेख आहे, तोही ‘असलीच तर’ अशा सुरात.

शाळेतलं व्याकरण आठवा. या कायद्यात कर्ता कायम सरकार आहे आणि कर्म कायम आपण. तपासायचं आपल्याला, वेगळं ठेवायचं आपल्याला, शिक्षा आपल्याला. सरकारने नागरिकासाठी अमुक केलंच पाहिजे, असं वाक्य शोधून सापडत नाही.

हा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये आला, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी. त्यानंतर पुण्यात सोल्जर घरांत शिरले, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपल्याला पाठ असतं. त्याच साथीतली दुसरी गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात उरकतो. सावित्रीबाई फुले, ज्यांनी आमच्या नगरला मिस फरारबाईंच्या संस्थेत शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्या तेव्हा मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणलं. त्यातूनच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. कायदा येऊन जेमतेम महिना झाला होता. रुग्णाला वेगळं ठेवायचं, हे दोन्हीकडे आहे. पण कायदा त्याला उचलून नेतो, आणि सावित्रीबाई उचलून आणतात.

२०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने या जुन्या कायद्याच्या जागी नवा मसुदा आणला. शीर्षकातच साथी, जैविक दहशतवाद आणि आपत्ती, तिन्ही. मी तो अपेक्षेने उघडला. व्याख्या आहेत, अधिकार जिल्हा आणि स्थानिक संस्थांपर्यंत उतरलेत, ही खरी सुधारणा. पण क्रियापदं ओळखीचीच: तपासणे, अलग करणे, बंद करणे, दंड करणे. तोही मसुदाच राहिला. तीन वर्षांनी साथ आली तेव्हा पेटीतून १८९७च निघाला.

जैविक हल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातले पांढरे सूट येतात. प्रत्यक्षात २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स पसरवला गेला, तेव्हा पहिला रुग्ण ओळखला गेला तो फ्लोरिडातल्या एका डॉक्टरमुळे. मणक्यातल्या पाण्याच्या नमुन्यात काहीतरी वेगळं दिसलं आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. हल्ला असो की साथ, सुरुवात सारखीच दिसते. एका गल्लीत तीन जणांना ताप. तो कोणाला दिसतो?

आमच्याकडे तो मावशीला दिसतो. ती पारनेर तालुक्यात आशा सेविका आहे. तिच्या वहीत कोणाला शुगर, कोणाची सून आठव्या महिन्यात, रात्री कोणाची जीप मिळेल, सगळं आहे. सर्व्हेच्या पहिल्या दिवशी तिला वरून फॉर्मचा गठ्ठा मिळाला, मास्क नाही. ओढणी बांधून घरं फिरली. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्याला कडक शिक्षा आणली, ती हवीच होती. मी कौतुकाने तिला ते सांगितलं. ती म्हणाली, “अगं, मला कोण मारतंय इथं? हातमोजे दे म्हणावं.”

याच जिल्ह्यात हिवरे बाजारमध्ये गावकऱ्यांची पथकं घरोघर फिरली, बाधितांना लवकर वेगळं केलं, आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झालं. त्यामागे पोपटराव पवारांच्या काळातली तीस वर्षांची सवय आहे. अशी सवय आदेशाने रात्रीत लागत नाही.

आणि याच जिल्ह्यात, ६ नोव्हेंबर २०२१ ला, भाऊबीजेच्या दिवशी, जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. अकरा रुग्ण गेले. विभाग साथीसाठीच नव्याने उभारलेला होता. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यात दहा नवजात बाळं आगीत गेली होती आणि राज्यभर तपासणीचे आदेश निघाले होते. त्या दिवशी आमच्या घरी ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. आई फोन करून करून ओळखीच्यांची नावं विचारत होती.

सरकारी भाषेत वेगळं ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं. ते अकरा जण तर वेगळेच ठेवलेले होते. आग लागली तर त्यांना बाहेर कोण काढणार, हे कुठल्या कलमात लिहायचं?

नवा कायदा कधीतरी येईल. तेव्हा मी त्यात आधी जैविक दहशतवादाची व्याख्या शोधणार नाही. सरकार कर्ता आणि मावशीचे हातमोजे कर्म, असं एक तरी वाक्य आहे का, ते पाहीन.