कुमारप्पा : ‘वादां’च्या चौकटीबाहेर

जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांच्याविषयी लिहिताना अभ्यासकांची पहिली धडपड असते ती त्यांच्या नावामागे एखादा ‘वाद’ जोडण्याची. कुणी त्यांना गांधीवादी म्हणतो, कुणी ख्रिस्ती समाजवादी. १९५० नंतर ते चीन व सोव्हिएत रशिया पाहून आले तेव्हा काहींनी त्यांना साम्यवादीही ठरवले.

प्रत्येक विशेषणात थोडे तथ्य आहे. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकलेला हा हिशेबतज्ज्ञ १९२९ मध्ये गांधीजींना भेटला व पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहू लागला. परंतु नुसते ‘गांधीवादी’ म्हटले की त्यांची आकडेमोडीची शिस्त नजरेआड होते. ‘साम्यवादी’ म्हटले की अहिंसा. आणि आपण अभिमानाने ‘ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ’ म्हटले की परकीय सत्तेची पाठराखण करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना त्यांनी सुनावलेले खडे बोल आपल्याला सोयीस्कररीत्या आठवत नाहीत.

भांडवलशाही व साम्यवाद यांचे भांडण मालकी कुणाची, यावर आहे. कुमारप्पा विचारतात, हा घास कुणाच्या ताटातून आला? ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ (१९४५) या ग्रंथात त्यांनी अर्थव्यवस्थांची प्रतवारी निसर्गातील दाखल्यांनी केली आहे : भक्ष्य मारून जगणारा वाघ, न लावलेल्या आमराईत फळे ओरबाडणारे माकड, स्वतः घरटे बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी आणि सर्वांत वर, पिलांना भरवणारी माता. या मापाने खासगी गिरणी दोषी ठरू शकते, तसा सरकारी कारखानाही.

या मांडणीत एक उणीव आहे. पक्षिणीची सेवा उपजत असते. माणसाला ती निवडावी लागते. जो निवडणार नाही त्याचे काय? या ग्रंथाचा भर सदसद्विवेकावरच राहतो. मात्र त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या १९४९ च्या अहवालाने शेतीतील मध्यस्थ दूर करून जमीन कसणाऱ्याची व्हावी, असा आग्रह धरला. कायद्याची गरज त्यांनी ओळखली होती, हे त्यांच्या टीकाकारांनी विसरू नये.

वस्तू विकत घेणाराही तिच्या निर्मितीतील अन्यायाचा भागीदार असतो, असे कुमारप्पा मानत. त्यांना कोणत्या कप्प्यात ठेवावे, ही चर्चा आपण खुशाल चालू ठेवावी. पण त्या चर्चेच्या आडोशाने हा भागीदारीचा हिशेब टाळता येणार नाही.