मानधन, भाडे आणि हिस्सा : दृश्यकलावंताच्या मोबदल्याच्या मागणीची चिकित्सा

मराठीत कलावंताला जे द्यावयाचे त्याला मजुरी अथवा वेतन म्हणण्याचा प्रघात नाही. गवयाला बिदागी मिळते, चित्रकाराला मानधन मिळते. या शब्दातील ‘मान’ हा घटक वरवर गौरवाचा वाटला तरी व्यवहारात तो कलावंतास प्रतिकूलच ठरतो. मजुरीचा दर ठरविता येतो, तो कमी पडल्यास तक्रार करता येते. मानाचा दर मात्र देणाराच ठरवितो आणि त्याविषयी घासाघीस करणे हा घेणाऱ्याचा असंस्कृतपणा ठरतो. दृश्यकलावंतांनी विसाव्या शतकात आपल्या मोबदल्यासाठी जे लढे दिले त्यांचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरत राहिला आहे. चित्र विकणारा मनुष्य हा मालक की कामकरी? दोन्ही भूमिका एकाच वेळी घेता येतात काय? या लढ्यांतून निर्माण झालेल्या मागण्या, मसुदे आणि कायदे हे केवळ चळवळीचे कागद नव्हेत. त्यांत कलावंत या व्यक्तीची एक निश्चित कल्पना अभिप्रेत असते, आणि ती कल्पना तपासून पाहणे हे समीक्षेच्याच कक्षेतील काम आहे.

या कल्पनेचे पहिले कायदेशीर रूप फ्रान्समध्ये सिद्ध झाले. झाँ-फ्रान्स्वा मिले १८७५ साली वारला. त्याने अल्प किमतीस विकलेले ‘आंजेलुस’ हे चित्र १८८९ साली पॅरिसच्या लिलावात ५,५३,००० फ्रँकांस गेले. फोरँ या व्यंगचित्रकाराने लिलावगृहातील श्रीमंतीकडे पाहणारी फाटक्या कपड्यांतील मुले रेखाटली. आत विकले जात असलेले चित्र त्यांच्या बापाचे आहे, हा त्यातील दंश. २० मे १९२० च्या फ्रेंच कायद्याने सार्वजनिक लिलावातील पुनर्विक्रीच्या किमतीवर कलावंतास व त्याच्या वारसांस हिस्सा दिला. त्याचे प्रमाण प्रारंभी किमतीनुसार चढते, १ ते ३ टक्के, असे होते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कायद्यामागील करुणा ही कलावंताच्या अनाथ मुलांविषयीची आहे. तो स्वतः जिवंत असताना काय खातो हा प्रश्न तीत येत नाही. शिवाय हिस्सा त्यालाच मिळावयाचा, ज्याचे चित्र दुसऱ्यांदा विकले जाते. बहुसंख्य चित्रे पहिल्यांदाही विकली जात नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली हाच प्रश्न निराळ्या अंगाने पुढे आला. ताकिस या ग्रीक शिल्पकाराची एक कृती तेथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या मालकीची होती. ती आपल्या संमतीवाचून प्रदर्शनात मांडल्याचे पाहून ३ जानेवारी रोजी त्याने ती स्वतः उचलली आणि संग्रहालयाच्या बागेत नेऊन ठेवली. या घटनेतून ‘आर्ट वर्कर्स कोअ‍ॅलिशन’ ही संघटना उभी राहिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिने संग्रहालयापुढे १३ मागण्या ठेवल्या. चित्र प्रदर्शित केल्याबद्दल भाडे मिळावे, संग्रहालयाच्या मालकीची कृती त्याच्या कायम संग्रहाबाहेरील प्रदर्शनात मांडण्यास नकार देण्याचा हक्क कलावंतास असावा, प्रवेश विनामूल्य असावा, कृष्णवर्णीय कलावंतांच्या कृतींसाठी स्वतंत्र विभाग असावा, असे या मागण्यांचे स्वरूप होते.

संघटनेच्या नावात ‘वर्कर्स’ हा शब्द आहे. मागण्यांची भाषा मात्र मुख्यतः कामकऱ्याची नाही. कामाचे तास, किमान वेतन, आजारपणाची भरपाई या गोष्टी तिच्या अग्रभागी नव्हत्या. भाडे मागतो तो मालक, आणि विकलेल्या वस्तूवरही आपला शब्द चालावा असे म्हणतो तो तर मालकाहूनही मोठा मालक. ताकिसची कृती त्याने विकलेली होती. सुताराने विकलेली खुर्ची तो परत उचलून नेऊ शकत नाही. या विसंगतीवरून त्या संघटनेला दांभिक ठरविणारे टीकाकार निघाले. ती टीका उथळ होय. विसंगती कलावंतांच्या डोक्यात नव्हती, त्यांच्या स्थितीतच होती. त्यांना काम देणारा कोणी नियोक्ता नव्हता, आणि तरीही त्यांच्या श्रमावर पहारेकऱ्यापासून संचालकापर्यंत सर्वांचे पगार निघत होते. ज्याच्याशी पगाराबद्दल बोलावे असा मालक नसल्यामुळेच त्यांना मालकीच्या भाषेत बोलावे लागले. त्याच संग्रहालयातील व्यावसायिक व प्रशासकीय कर्मचाऱ्यांनी १९७१ साली आपली संघटना स्थापून संप केला, तेव्हा त्यांना ही अडचण पडली नाही.

मालकीची ही भाषा टोकास नेणारा दस्तऐवज म्हणजे सेथ सीगेलॉब व रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी १९७१ साली तयार केलेला विक्रीकराराचा नमुना. त्याप्रमाणे कृती जितक्या वेळा हस्तांतरित होईल तितक्या वेळा वाढलेल्या किमतीच्या १५ टक्के रक्कम कलावंतास द्यावयाची. कृती कोठे प्रदर्शित होते हे त्याला कळवावयाचे. प्रदर्शनासाठी ती ठरावीक मुदतीने उसनी मागण्याचा त्याचा अधिकार मान्य करावयाचा. गद्याचा नमुना म्हणून हा करार उत्तम आहे. पण जो कलावंत खरेदीदारास अशा कागदावर सही करावयास लावू शकतो त्याला या कागदाची गरज सर्वांत कमी, आणि ज्याला गरज सर्वांत अधिक त्याला तो पुढे करण्याचे धैर्य होणार नाही. हान्स हाके याच्यासारख्या काहींनी तो निष्ठेने वापरला; बाजाराने त्याची रीत होऊ दिली नाही.

१९७३ साली रॉबर्ट स्कल या संग्राहकाने आपला संग्रह लिलावात काढला. रॉबर्ट रॉशेनबर्गचे ‘थॉ’ हे १९५८ मध्ये ९०० डॉलरांस घेतलेले चित्र ८५,००० डॉलरांस गेले आणि चित्रकाराने संग्राहकाशी जाहीर वाद घातला. या प्रकरणाचा पुष्कळ गाजावाजा झाला आणि कॅलिफोर्नियाने १९७६ साली पुनर्विक्रीवर ५ टक्के हिस्सा देणारा कायदा केला. संघराज्याच्या कॉपीराइट कायद्याशी तो विसंगत असल्याचे ठरवून अपील न्यायालयाने २०१८ साली त्याचा प्रभाव केवळ १९७७ या एका वर्षातील विक्रीपुरता उरविला.

याउलट कलावंत खरोखरच पगारी कामकरी झाला म्हणजे काय होते, हेही अमेरिकेनेच पाहिले आहे. १९३५ साली सुरू झालेल्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये हजारो चित्रकार व शिल्पकार सरकारी वेतनावर होते. आठवड्याचा पगार नियमित होता आणि आर्टिस्ट्स युनियन खऱ्याखुऱ्या कामगार संघटनेप्रमाणे वेतनकपातीविरुद्ध झगडू शकत होती. पण काढलेली चित्रे सरकारची होती. म्हणजे मजुरी घेतली की कृती गेली, आणि कृती राखली की मजुरी गेली.

या पेचातून कॅनडाने काढलेली वाट अधिक विचारार्ह आहे, जरी तिच्याविषयी न्यूयॉर्कच्या मानाने फार थोडे लिहिले जाते. १९६७ साली तेथील नॅशनल गॅलरीने कलावंतांच्या कृतींच्या प्रतिकृती विनाशुल्क वापरण्याची परवानगी मागितली. जॅक चेंबर्स या चित्रकाराने त्यास हरकत घेतली आणि १९६८ साली ओंटारिओ प्रांतातील लंडन या गावी कलावंतांची एक प्रातिनिधिक संघटना स्थापन झाली. पुढे ती कारफॅक या नावाने प्रसिद्ध झाली. तिने घोषणापत्रापेक्षा दरपत्रकावर भर दिला. १९७५ पासून प्रदर्शनशुल्क देण्याची प्रथा सरकारी अनुदानाशी जोडली गेली आणि १९८८ च्या दुरुस्तीने विक्री वा भाडे याव्यतिरिक्त अन्य हेतूने होणाऱ्या सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क कॉपीराइट कायद्यात आला. मात्र ७ जून १९८८ नंतर निर्माण झालेल्या कृतींपुरताच. १९९२ च्या कायद्याने कलावंतांच्या संघटनांना संघराज्याच्या संस्थांशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा अधिकार दिला.

खरी कसोटी २०१४ साली लागली. पूर्वीच तयार असलेल्या चित्राच्या वापराची अनुज्ञा देणे म्हणजे मालमत्तेचा व्यवहार, ती ‘सेवा’ नव्हे, म्हणून तिच्या किमान दराबद्दल संघटनेशी बोलण्यास आपण बांधील नाही, असा नॅशनल गॅलरीचा पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने अमान्य केला. अशी अनुज्ञा देणे हेही सेवेत मोडते आणि किमान दराची वाटाघाट कॉपीराइटशी विसंगत नाही, असा निर्णय झाला. मालक व कामकरी या दोन भूमिकांतील भिंत येथे प्रथमच कायद्याने भेदली. कलावंताची मालमत्ता कायम ठेवून तिच्या वापराचा दर मात्र मजुरीप्रमाणे सामुदायिक रीतीने ठरविता येतो, हे तत्त्व सीगेलॉबच्या करारात सुचलेले नाही. तो करार एकेकट्या माणसाचा होता.

भारतीय कायदा मुख्यतः फ्रेंच परंपरेचा अनुयायी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने कर्त्याचे नाव व कृतीची अखंडता यांना संरक्षण दिले. अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले; २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाईचा आदेश दिला. कृती न दाखविणे, अथवा कर्त्याच्या मनासारखी न दाखविणे, हा मात्र या कलमाचा भंग नव्हे, असे स्पष्टीकरण त्यास जोडलेले आहे; ताकिसला त्याचा उपयोग झाला नसता. १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५३अ हे १०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत हिस्सा देते आणि त्याची कमाल मर्यादा १० टक्के ठरविते. हे औदार्य युरोपाहून मोठे आहे, कारण २००१ च्या युरोपीय निर्देशाप्रमाणे एका विक्रीवर १२,५०० युरोंहून अधिक हिस्सा मिळतच नाही. वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ चे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांस गेले. १० टक्क्यांनी होणारी रक्कम २ कोटी ३७ लाखांची आहे. परंतु हा दर आपोआप लागू होत नाही, तो ठरवून घ्यावा लागतो.

अधिक गंभीर उणीव निराळीच आहे. हा हिस्सा कृतीचा ‘प्रथम मालक’ असलेल्या कर्त्यासच आहे, आणि कलम १७ प्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, सांगणारा असतो. शिल्पाचा उल्लेख या उपबंधात नाही, चित्राचा आहे. शिल्पकार बचावला आणि चित्रकार सापडला, याचे तात्त्विक कारण दिसत नाही. महाराष्ट्रातील दृश्यकलेचा केवढा मोठा भाग या उपबंधाखाली येतो! मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची चित्रे, दिनदर्शिका, चित्रपटांचे फलक हे सारे कोणाच्या तरी सांगण्यावरूनच निर्माण झाले. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढले आणि रघुवीर मुळगावकर यांनीही ‘रत्नप्रभा’ काढले. चित्रकाराने प्रकाशक व्हावे हा पेच सोडविण्याचा तिसरा मार्ग होय. मात्र तो भांडवल उभारू शकणाऱ्यास आणि लोकप्रियता लाभलेल्यासच खुला आहे. इतरांनी चित्र प्रकाशकाच्या स्वाधीन केले आणि पैसे घेतले. १९५८ नंतर अशा रीतीने काढलेले एखादे मूळ मुखपृष्ठचित्र आज लिलावात आले, तर वारसांचा दावा ते कोणाच्या सांगण्यावरून व कोणत्या मोबदल्यासाठी काढले या प्रश्नावर येऊन थांबेल. अशा वेळी प्रकाशकाच्या जुन्या हिशेबवहीतील चित्रकाराच्या नावापुढील ‘मानधन’ ही नोंद मोबदला चुकता झाल्याचा पुरावा म्हणून त्याच्याच वारसांविरुद्ध दाखविता येईल.