आधी साल, मग विशेषणं

विद्यापीठात एक कक्ष असतो. कुणी त्याला वृत्त विभाग म्हणतं, कुणी जनसंपर्क कक्ष. कुणाला पुरस्कार मिळाला, कुणी निवृत्त झालं किंवा गेलं, की वर्तमानपत्रांना लगेच मजकूर द्यावा लागतो. त्यासाठी माणसामागं एक फाईल ठेवलेली असते. तिच्यात फोटो, जन्मतारीख, पदव्या, पदं, ग्रंथ आणि कात्रणं. बातमीच्या घाईसाठी जमवलेले हे कागद पुढं इतिहासाचं साधन होतात. म्हणून पुस्तक पारखतो तशीच फाईलही पारखावी.

आपल्या बोरगावच्या शेजारचं, सदलग्याचंच उदाहरण घेऊ. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. जन्म १९०६. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात १९३० ते १९६२ अर्धमागधीचं अध्यापन. मग शिवाजी विद्यापीठात कला शाखेचे अधिष्ठाते, पुढं म्हैसूर विद्यापीठात जैनविद्येचे प्राध्यापक. १९६७ला श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. निधन १९७५. असा माणूस फाईलीत नीट मावतो, कारण फाईलीचे रकाने अशाच आयुष्यासाठी पाडलेले असतात.

तरी दोन गोष्टी निसटतातच. ‘जन्म : कर्नाटक’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला कोडं पडतं की हे कोल्हापूरला कसे गेले? १९०६मध्ये सदलगा मुंबई इलाख्यात होतं, ते म्हैसूर राज्यात गेलं १९५६ला. सीमेवरच्या माणसाचं गाव लिहिताना साल सोडून चालत नाही. दुसरी गोष्ट ‘प्रवचनसार’ची. १९३५ला निघालेलं ते संपादन फाईलीत एका ओळीत संपतं. हस्तलिखितं पुढ्यात घेऊन पाठ ताडून बघण्यात दिवसच्या दिवस जातात, त्याला रकाना नाही.

पण फाईलीला नावं ठेवण्याआधी आपल्याकडं बघू या. आपले गौरव अंक काढून बघा. ‘धर्मनिष्ठ’, ‘दानशूर’, ‘समाजभूषण’ यांची रेलचेल, आणि जन्मसाल शोधायला गेलात तर सापडत नाही. फाईल कोरडी असली तरी तिच्यात तारीख असते. आपला गौरव गोड, पण त्यावरून कुणाचं चरित्र लिहायला बसलं तर हाती काही लागत नाही.

बाईचं तर दोन्हीकडं नुकसान. पद नाही म्हणून फाईल नाही, आणि गौरव अंकात ‘सौ.’च्या पुढं ‘आतिथ्यशील’ एवढंच. शिवाय नावाचा घोळ. माहेरचं आडनाव जातं, पुष्कळ घरी लग्नात नावही बदलतं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. दीक्षा घेतली की तिसरं. ही एकच बाई, हे पन्नास वर्षांनी सांगणार कोण?

कुंभोजच्या कर्मवीर भाऊराव पाटलांची माहिती कुठंही मिळते. १९१९ला रयत शिक्षण संस्था, १९५९ला पद्मभूषण. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांनी मंगळसूत्र दिलं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण जैन घरातल्या त्या बाईनं सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला जेवू घातलं, सोवळंओवळं मागं टाकलं, १९३०ला जाईपर्यंत ते घर चालवलं. हे रोजचं काम होतं, एका दिवसाचा त्याग नव्हे. आपण तिचा दागिना लक्षात ठेवला आणि काम विसरलो. यात कुठल्या कार्यालयाचा दोष काढणार?

याहून चांगली रीत आपल्याच परंपरेत आहे. दानचिंतामणी अत्तिमब्बेजवळ कुठली पदवी नव्हती. पण तिनं पोन्नाच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, हा आकडा आपल्यापर्यंत आला. रन्नानं ९९३च्या ‘अजितपुराणा’त तिची थोरवी गायली, लक्कुंडीत तिनं बांधवलेल्या बसदीपाशी १००७चा शिलालेख आहे. स्तुती त्यातही भरपूर आहे, पण स्तुतीच्या पोटात काम आहे, मोजमाप आहे, साल आहे. म्हणून हजार वर्षांनीही ती बाई आपल्याला ओळखू येते.

तेव्हा बायांनो, एक वही घाला. आजीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव आणि ते तेव्हा कुठल्या राज्यात होतं. शाळा किती, मराठी की कन्नड. तंबाखूच्या वखारीत राबली असेल तर किती वर्षं. व्रतं केली ती लिहाच, पण कुणाची बाळंतपणं काढली, कुणाच्या फीला पैसे दिले तेही लिहा. सांगणारीचं नाव आणि लिहिल्याची तारीख खाली टाका. विशेषणं नंतर घाला, जागा उरली तर.